हळू चालवणाऱ्याची सूट

नौपाड्यात पेट्रोलपंपाशेजारी पीयूसीची व्हॅन लावणारे काका फोटो काढण्याआधी प्रत्येक गाडीची नंबरप्लेट स्वतःच्या रुमालाने पुसतात. जुनी गाडी विकून सेकंडहँड घेतलेली, आणि तिच्या इन्शुरन्सचे भाव बघून मी वैतागलेलो. त्यांच्यापाशी तेच कुरकुरलो.

"जुन्या गाडीवर क्लेम घेतलात कधी?"

"बारा वर्षांत एकदाही नाही."

"मग त्याची सूट हिच्यावर मागा. ती गाडीला नाही मिळत साहेब, माणसाला मिळते."

एवढं बोलून ते पुढची प्लेट पुसायला गेले.

हप्ता खरंच बराच उतरला. माझ्या हळू चालवण्यावर बायको बारा वर्षं चिडत आलीय. त्या संध्याकाळी हप्त्याचा आकडा सांगून तिला शेजारी बसवलं आणि डोंबिवलीपर्यंत मी आणखीच हळू चालवली. तिने सीट मागे केली आणि आरामात टेकून बसली.