नत्थुजींच्या सव्वीस शिवा

बोरखेडीच्या नत्थुजींना लिहिता-वाचता येत नव्हतं, भांडणात त्यांची बाजू कधी टिकत नव्हती आणि शेतीतही त्यांनी फार दिवे लावले होते असं नाही. पण बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंतच्या गावांच्या शिवा त्यांच्याइतक्या कुणालाच पाठ नव्हत्या. कोणत्या गावाची हद्द कुठल्या नाल्याशी संपते, कुठं शेंदूर फासलेला धोंडा आहे आणि कुठं नुसतीच एक वाकडी बाभूळ, हे ते डोळे मिटून सांगत. म्हणून आसपासच्या कुणाचीही पोर मावळतीकडं दिली, की तिला पोचवायला नत्थुजींना बोलावणं ठरलेलं.

बैलबंडी शिवेशी आली की ते खाली उतरत, नवरीवरून लिंबू उतरवून धोंड्यापाशी ठेवत आणि त्या गावच्या देवाला सांगत, "पोर सासरी चालली, वाट दे." मग बैल पुढं हाकायचे. एखादी शीव सांगायची राहिली तर पोरीचं मन तिथंच अडकतं आणि ती सासरी रमत नाही, अशी समजूत होती. तीस वर्षांत नत्थुजींनी पोचवलेली एकही पोर नांदायची सोडून माघारी आली नव्हती. यात लिंबांचा हात किती आणि बापाच्या धाकाचा किती, हे देव जाणे. नत्थुजी मात्र सगळं श्रेय लिंबांना देत.

सुभद्रा ही त्यांची स्वतःची नात, मुलगा शेषराव याची पोर. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून पोर आजोबांच्याच मांडीवर वाढलेली. तिला अकोल्याच्या खुशालरावांच्या मुलाला दिली. हे खुशालराव कापसात वर आलेले. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडं वऱ्हाडातल्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. त्या चार वर्षांत खुशालरावांनी बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढवल्या होत्या. पुढं लढाई मिटली, कापसाचा भाव उतरला, पण खुशालरावांची ऐट काही उतरली नाही. त्यात नेमकी बडनेऱ्याला आगगाडी आलेली. वरात आगगाडीनंच जाणार, असं त्यांनी मांडवातच जाहीर करून टाकलं.

"तीन दिवस बंडीत हाडं कायले मोडून घ्याची? सकाळी बडनेऱ्याले बसू, जेवाले अकोल्यात!"

"अन् शिवा?" नत्थुजींनी विचारलं.

"शिवा काय पयून चालल्या का, इवाईबुवा? खिडकीतून टाका लिंबं!"

मांडव हसला. मुलीकडच्यांनी अशा वेळी हसण्यावारी न्यायचं असतं, म्हणून नत्थुजीही हसले. पण वाटेतल्या सव्वीस शिवांसाठी सव्वीस लिंबं मोजून पिशवीत घ्यायला ते विसरले नाहीत.

डब्यात शिरल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. एका बाकावर कुणबी, त्याला खेटून तेली, समोर अत्तरवाला मुसलमान, कोपऱ्यात जोड्यांचं गाठोडं घेतलेला चांभार. विटाळ मानायचा तर उठून जायचं कुठं? सुभद्रा इंजिनाकडं पाठ करून बसली होती. शालूवर कोळशाची कणी पडली तशी खुशालरावांनी तिच्याकडच्या खिडकीची फळी खाली ओढली. पोर अंधारात, डोक्यावर पदर, नजर पायांकडं. नत्थुजी पलीकडच्या खिडकीला डोळे लावून बसले, मांडीवर पिशवी, हातात पहिलं लिंबू.

शिट्टी झाली, झाडं मागं धावायला लागली आणि नत्थुजींना पहिला घोर लागला. पहिली शीव नाल्यापाशी. पण हा कुठला नाला? त्यांना ठाऊक असलेली वाट गावांच्या तोंडावरून जायची; चावडी, पार, मारुती, मग पुढं शीव. ही आगगाडी तर चोरासारखी गावांच्या पाठीमागून चालली होती. उकिरडे दिसत, कडब्याच्या गंज्या दिसत, परसात वाळत घातलेली लुगडी दिसत. गाव कुठलं ते कळायच्या आत पुढचं गाव येई. जन्मभर ओळखीच्या माणसांचे चेहरे पाहिले आणि आता नुसत्या पाठी पाहून नावं सांगा म्हटलं, तर कोण सांगेल?

घाईघाईनं त्यांनी एक लिंबू सुभद्रावरून उतरवून फेकलं. ते रुळांशेजारी काम करणाऱ्या गड्याच्या पागोट्यावर बसलं. गड्यानं दिलेली शिवी बरीच लांबपर्यंत ऐकू येत राहिली. दुसरं टाकलं तेव्हा शीव येऊन गेली होती की यायची होती, हे कळेना. तिसरं फेकलं आणि गाडी थांबली.

"कोनतं गाव आलं गा?" त्यांनी अत्तरवाल्याला विचारलं.

"मूर्तिजापूर, बाबा."

नत्थुजींचा विश्वास बसेना. मूर्तिजापूर म्हणजे अर्धी वाट आणि त्यांच्या हिशेबानं ते अजून तिसऱ्या शिवेवर होते. मधल्या शिवा गेल्या कुठं? ते डब्यातून उतरून निळ्या कपड्यांतल्या आगगाडीच्या माणसाकडं गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, जराशीक हळू चालवा. देवाले सांगाचं राहून राहिलं." त्या माणसानं त्यांना दंडाला धरून पुन्हा डब्यात बसवलं. मग नत्थुजींनी खिडकीकडं पाहणंच सोडलं. खुशालराव म्हणाले होते तसे सगळे अकोल्यात जेवायला पोचले. पंगतीत जिलबी होती. नत्थुजींनी पानावर बसून पिशवीतली लिंबं मोजली; तेवीस तशीच होती.

दुसऱ्या दिवशी निघताना सुभद्रा उंबऱ्याशी उभी होती. रडत नव्हती. नुसती इकडंतिकडं पाहत होती, झोपेतून उठवलेल्या माणसासारखी. बंडीतून पोचवलेल्या पोरी तीन दिवस रडून मोकळ्या होऊन उतरत. ही रडलीच नाही, म्हणजे हिचं मन मागं राहिलं. कुठल्या शिवेवर राहिलं, तेही सांगता येईना.

घरी आल्यावर मुलगा शेषराव वैतागला. "एवढा घोर होता त येतानीच पायी याचं होतं, बाबा! एकेका शिवेवर लिंबू ठेवत."

"येड्या, अकोल्याकून इकडं लिंबं ठेवली त पोर माघारी नाई का येनार? देव काय समजन? इकडूनच जा लागते."

शेषराव बैलांना कडबा टाकायला उठून गेला.

महिनाभरानं अकोल्याहून निरोप आला, पोरीचं जेवणावर मन नाही. त्याच पहाटे नत्थुजींनी ताजी सव्वीस लिंबं घेतली आणि साठी उलटलेला तो माणूस पायी अकोल्याला निघाला. सगळ्यांनी समजावलं. पण एकदा बसला की बसला, अशा बैलाचं शेपूट पिरगाळून काय उपयोग!

वाटेत जुने मुक्काम ओस पडलेले. जिथं कापसाच्या शेकडो बंड्या सुटायच्या, तिथं दोन-चार गाडीवान भाड्याची वाट पाहत चिलीम ओढत बसलेले. "आमचा माल आता आगगाडी खाऊन राहिली," एक जण म्हणाला. एका शिवेवर तर धोंडाच सापडेना. रुळांखालच्या भरावात कुणी तरी तो दडपून टाकला होता. नत्थुजी भरावाच्या या अंगाला गेले, त्या अंगाला गेले. देव इकडं राहिला की तिकडं गेला? शेवटी लिंबाचे दोन भाग करून त्यांनी एक इकडं ठेवला, एक तिकडं ठेवला आणि दोन्हीकडं हात जोडले.

चौथ्या दिवशी दिवस कलल्यावर ते खुशालरावांच्या दारात उभे राहिले. पाय सुजलेले, धोतर गुडघ्यापर्यंत काळं.

"पायी? काहून, इवाईबुवा?" खुशालरावांची ऐट तेवढ्यापुरती कुठल्या कुठं गेली. "पोरीले भेटा. परसात हाय. संध्याकायी तिथंच जाऊन उभी रायते."

सुभद्रानं आजोबांना पाहिलं आणि धावत येऊन त्यांचे पाय धरले. नत्थुजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता कायजी करू नको, माय. साऱ्या शिवेवरच्या देवायले सांगून आलो. आता लागन तुयं मन."

तेवढ्यात लांबून आगगाडीची शिट्टी ऐकू आली. सुभद्रा लगबगीनं उठली, पदर सावरला आणि त्या आवाजाकडं तोंड करून हात जोडले.

"हे काय वं?"

"रोजचंच हाय, आबाजी. हे गाडी आपल्या गावाकडं जाते ना? तिच्यासंगं तुमाले राम राम धाडते."

नत्थुजींनी सूर्याकडं पाहिलं, मग आवाजाकडं. क्षणभर त्यांनाही कळेना की चुकतंय कोण. गाडीचा धूर मावळत्या सूर्याच्या दिशेनं चालला होता.

"हे? हे त मुंबईले जाते, माय."

सुभद्राचे जोडलेले हात तसेच राहिले. "मंग आपलं गाव कोनत्या बाजूले हाय?"

"कोनालेच नाई इचारलं?"

"नव्या सुनेनं माहेराची वाट इचारली त म्हनतीन, पयून जाते का काय."

नत्थुजी तिथंच खाली टेकले. एवढ्या पोरी पोचवल्या, पण हे त्यांना कधी सांगावं लागलं नव्हतं. बंडीतली पोर तीन दिवस मागं वळून वळून पाहत जायची; माहेर कुठं राहिलं ते तिच्या मानेला ठाऊक असायचं. हिला तर अंधारात, उलट्या तोंडानं बसवून आणलं; मान वळवायलाही वेळ मिळाला नाही. आपण देवांना सांगायला चार दिवस चाललो, आणि पोरीला सांगायचं आपल्याला सुचलंच नाही, याची त्यांना फार लाज वाटली.

ते उठले. सुभद्राचे खांदे धरून त्यांनी तिला सावकाश उगवतीकडं फिरवलं. समोर शेजाऱ्याचं छप्पर होतं, छपरामागं कडुनिंब आणि त्याच्यामागं नुसतं आभाळ.

"इकडं?" तिनं विचारलं.

"इकडं."

ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग महिनाभराचं रडू एकदम फुटलं. नत्थुजींनी तिला उगी केलं नाही. ती पुन्हा भलतीकडं वळू नये म्हणून ते तिचे खांदे धरून तसेच उभे राहिले.