खुंट्याचा संशय आणि मेहुण्याची वायर

कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहणारी माणसं पुष्कळ असतात. ओढून पाहिल्यावर जिना उतरायचा आणि आपण खरंच ओढून पाहिलं की नुसतं तसं वाटतंय, या शंकेनं पुन्हा वर चढायचं, हे मात्र खुंट्यालाच जमतं. हलवून बघितल्याशिवाय जगातला एकही खुंटा घट्ट आहे यावर त्याचा विश्वास नाही, म्हणून इस्पितळात त्याचं तेच नाव पडलं. डॉक्टरांनी "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगितलं, की हा विचारतो, "मग हसून का सांगताय?"

असा माणूस घरात जड जातो, पण सर्व्हरच्या खोलीत तो सोन्यासारखा. इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईघराला लागून, सदा गार असलेल्या खोलीत ती यंत्रं घरघरत असतात. मुख्य सर्व्हर खुंट्याच्या ताब्यात. त्यातून निघालेल्या वायरी ज्या स्विचना, म्हणजे माहितीची वाटणी करणाऱ्या पेट्यांना, जाऊन मिळतात, ते स्विच मात्र मेहुण्याकडे. मेहुणा म्हणजे खुंट्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. "त्याला कुठेतरी चिकटवा हो," असा बायकोनं धोशा लावला, खुंट्यानं वरती शब्द टाकला आणि मेहुणा हंगामी म्हणून लागला. आपल्याच शब्दावर माणूस लागला म्हटल्यावर खुंट्याला त्याच्यावर संशय घेणं भागच होतं.

अशात नवं काम निघालं. आजवर सर्व्हरला एकच वायर होती. ती गेली की अख्खं इस्पितळ आंधळं. आता दोन वायरी दोन वेगळ्या स्विचना न्यायच्या आणि सर्व्हरच्या आत त्या दोघींची मोट बांधायची. या मोटेला बॉन्ड म्हणतात. एक वायर पडली तर दुसरीनं कुरकुर न करता सगळा भार उचलायचा. त्यावरून तीन प्रकारची रहदारी जाणार: बिलं, रुग्णांच्या नोंदी आणि लॅबचे रिपोर्ट. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकीला वेगळ्या आकड्याचा टॅग. स्विचनं आकडा बघायचा आणि ज्याचं त्याला पोचवायचं. आतली बांधणी खुंट्याची. स्विचला ते आकडे ओळखायला शिकवायचं काम मेहुण्याचं.

अधीक्षकबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "हे नीट पार पडलं तर मुलाला कायम करू. नाहीतर मुदत संपली की नारळ."

झालं, खुंट्याच्या डोक्यात भुंगा शिरला.

"दोन्ही स्विचवर तिन्ही आकडे घातलेस ना?"

"घातले, भाऊजी."

"दुसऱ्यावरसुद्धा?"

"दोन्ही म्हटल्यावर दुसरा आलाच की."

उत्तर बिनचूक होतं, म्हणूनच खुंट्याला ते खटकलं. त्यातून मेहुणा नजरेला नजर देईना. खुंटा दिसला की त्याचा फोन कानाला जायचा. कँटीनमध्ये तो पाठ करून बसायचा. एकदा तर स्विचच्या खोलीतून शीळ घालत बाहेर आला. ज्याचं काम चोख झालंय तो शीळ कशाला घालेल?

"हात धुऊन त्याच्या मागे लागलाय तुम्ही," घरी बायको म्हणाली. "तुम्हाला बघितलं की पोराच्या घशाखाली घास उतरत नाही."

"का उतरत नाही, तेच तर शोधतोय."

"अहो, दिवे हिरवे लागलेत म्हणतो ना तो."

"वायर उपटून बघितल्याशिवाय काही खरं नाही. हिरवा दिवा म्हणजे वायर खोचलीय, एवढंच. आत काय चाललंय ते दिव्याला काय कळणार? आपल्याही घरात दिवा लागतोच की."

बायकोनं वाटी जरा जोरात ठेवली. "बाईंसमोर वायर उपटून माझ्या भावाची शोभा केलीत, तर माझ्याशी बोलायला येऊ नका."

खुंटा पेचात पडला. वायर न उपटावी तर सगळं सुरळीत, मेहुणा कायम, घरात शांतता. पण उद्या पहिली वायर खरीच गेली, वर कुणी ऑपरेशनच्या टेबलावर असलं आणि रिपोर्ट वाटेतच अडकला तर?

सुट्टीच्या सकाळी बाहेरचे रुग्ण नसताना त्यानं मेहुण्याला आणि बाईंना खाली बोलावलं. लॅबमधल्या माणसाला फोनवर धरून ठेवलं. आधी दुसरी वायर उपटली, कुठे हूं की चूं नाही. ती परत खोचून पहिली उपटली. बिलं चालू, नोंदीही चालू. मग फोनवरून आवाज आला, "साहेब, रिपोर्ट गेले."

मेहुण्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. "माझंच चुकलं असणार," तो पुटपुटला. "दुसऱ्या स्विचवर लॅबचा आकडा राहिला असेल."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या कुणाचा संशय इथे तृप्त होऊन झोपी गेला असता. पण इतक्या सहज गुन्हा कबूल करणारा माणूस खुंट्याला कधीच पटलेला नाही. हा कबूल का करतोय? त्यानं मेहुण्याला बाजूला सारून स्विच स्वतः उघडून पाहिले. दोन्हींवर तिन्ही आकडे शहाण्या मुलांसारखे रांगेत बसले होते.

आता संशय घ्यायला एकच जागा उरली, आणि तिथे खुंटा आजवर कधी फिरकला नव्हता. त्यानं स्वतःचा सर्व्हर उघडला. बिलं आणि नोंदी यांचे टॅग बॉन्डवर होते. लॅबचा टॅग मात्र त्यानं पहिल्या वायरीवरच चिकटवला होता. दोन भावांच्या घरी निरोप धाडायचा तर घराच्या नावानं धाडावा, म्हणजे जो घरी असेल तो घेतो. यानं तो थोरल्याच्या नावानं धाडला होता. थोरला घरी होता तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बाई, चूक माझी आहे," खुंटा म्हणाला. "मुलाचं काम चोख आहे."

"नक्की?"

"नक्की." हा शब्द त्याच्या तोंडून निघालेला कुणी ऐकला नव्हता.

त्यानं टॅग बॉन्डवर हलवला आणि वायर पुन्हा उपटली. लॅबवाला म्हणाला, "येतायत रिपोर्ट." मेहुणा कायम झाला.

संध्याकाळी घरात जो गोडवा पसरला, त्यानं खुंटा जास्तच बिथरला. बायकोनं न मागता चहा दिला.

"भाऊजी," मेहुणा गहिवरून म्हणाला, "माझ्यासाठी एवढं अंगावर घ्याल असं वाटलं नव्हतं."

"अरे, अंगावर कसलं घेतो? चूक माझीच होती."

"हो, तुमचीच," बायको भावाकडे बघत म्हणाली. "तुमच्या हातून आणि चूक!"

"विश्वास ठेवा माझ्यावर," खुंटा म्हणाला.

"आहेच भाऊजी, पूर्ण विश्वास आहे."

"तोच नको ठेवूस," खुंटा वैतागला. "विश्वास ठेवून तू सगळ्यांसमोर माझी चूक आपली म्हणून मोकळा झालास. आधी माझ्यावर संशय घ्यायला शीक."

मेहुणा पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत बघत म्हणाला, "मग विचारतो. सकाळी टॅग हलवलात, तो चालू सर्व्हरवर हलवलात. फाइलमध्येही लिहिलात ना? नाहीतर सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला की सगळं विसरेल तो."

"लिहिलं."

मेहुण्यानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "मी जाऊन बघून येतो," असं म्हणत तो उठला आणि चपला शोधू लागला.

"अरे, लिहिलं म्हणतायत ना ते," बायको म्हणाली.

"जाऊ दे त्याला," खुंटा म्हणाला, आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली काढून मेहुण्याच्या हातावर ठेवली.