खोकल्याचं बटण

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. लग्नघराच्या दारातल्या चपलांसारखे ते आपोआप साठतात आणि निघायच्या वेळी कोणाचा कोणता ते ओळखू येत नाही. आमच्या गोंडपिपरीच्या म्युझिकल पार्टीचंही तसंच झालं. अजूनही आम्ही जुने लोक कुठे भेटलो, चहा आला, की कोणीतरी मुद्दाम खोकतं. तेवढंच पुरे! मग तासभर दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला मिळत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पार्टी म्हणजे मुख्य माणसं चार. मालक सलीमभाऊ, त्यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान. मी पेटी वाजवायचो. पुढे कीबोर्ड आला तरी माझं नाव पेटीमास्तरच राहिलं. ढोलावर लालसू, भामरागडच्या पलीकडच्या गावचा. पावसाळ्यात त्याचा रस्ता बंद झाला की आमचा ढोलही बंद! आणि वहाबचाचा. त्यांचं क्लॅरिनेट म्हणजे पार्टीची इज्जत.

चाचांची एक सवय होती. क्लॅरिनेट तोंडाला लावण्याआधी ते एकदा खणखणीत खोकायचे. तालुक्यात मुलीची पाठवणी असली, मग लग्न कोणाकडचंही असो, चाचाच लागायचे. वर्षानुवर्षं ऐकून बायका इतक्या तरबेज झाल्या होत्या की सुरांची वाट बघतंय कोण! चाचा खोकले की पदर डोळ्याला.

एकदा चाचांना खरीच सर्दी झाली होती आणि ऐन पंगतीत त्यांना खोकला आला. बुंदी वाढणारी नवरीची आई ताट तिथंच टाकून हमसून हमसून रडायला लागली. चाचा घाबरून म्हणाले, "बाई, टाइम हाय अजून! हा खोकला माह्या घरचा हाय, तुमचा नाई!"

तर या चाचांचे वरचे पुढचे दात हलायला लागले. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून वाजवावं लागतं. चंद्रपूरच्या डॉक्टरने सांगितलं, सगळे काढावे लागतील. आणि इकडे त्यांची एकुलती एक लेक शबाना, तिचं लग्न ठरलेलं.

"साऱ्या तालुक्याच्या पोरी मी वाजवून सासरी लावल्या," चाचा म्हणाले, "आन् माह्याच पोरीच्या टायमाले हात बांधून उभा राहू का?"

फार वाईट वाटलं त्या दिवशी. शेवटी सलीमभाऊ म्हणाले, "दात रायतीन का नाई, ते मले नाई मालूम. आवाज ठेवून घेऊ!"

* * *

नागपूरला एक रेकॉर्डिंगवाला धंदा बंद करत होता. त्याच्याकडून सलीमभाऊंनी जुनं मशीन उचललं. सॅम्पलर त्याचं नाव. यात कुठलाही आवाज भरायचा आणि बटण दाबून वाजवायचा. वर त्यातच सिक्वेन्सर, म्हणजे कोणता आवाज कधी वाजावा तेही मशीनच ध्यानात ठेवणार.

चादरीत गुंडाळलेलं ते धूड मांडीवर घेऊन सलीमभाऊ एसटीत बसले. कंडक्टर आला.

"टीव्ही हाय का भाऊ? लगेज फाडा लागन."

"वाद्य हाय. वाद्याले काऊन लगेज?"

"वाद्य? मंग वाजवून दाखवा."

"करंट लागते ना त्याले!"

कंडक्टरने शांतपणे पंच काढला. "वाजत नाई तवर ते लगेजच हाय!"

* * *

दुकानात आम्ही सगळे जमलो. चाचांनी अगरबत्ती लावली, सलीमभाऊंनी प्लग लावला. लाल दिवा लागला. मी बटणं दाबली. एक दाबलं, दुसरं दाबलं, सगळी दाबली. चूं नाही की चां नाही!

सोबत आलेलं पुस्तक जपानी होतं. त्यातलं एक चित्र तेवढं समजत होतं. त्यात एक माणूस मशीनजवळ बसून हसत होता.

सलीमभाऊंनी नागपूरला फोन लावला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. "त्याच्यात आवाज नसतेच म्हने. आपन भरा लागते."

लालसूने मशीनकडे बघितलं, सलीमभाऊंकडे बघितलं. "म्हंजे भाऊ, तुमी नागपूरवून रिकामं पिंप आनलं!"

मग पहिला आवाज भरला तो सलीमभाऊंचाच: "हॅलो, माइक टेस्टिंग." कीबोर्डच्या वरच्या पट्ट्यांवर वाजवला तर उंदीर बोलल्यासारखा, भरभर. खालच्या पट्ट्यांवर एखादा राक्षस झोपेतून उठतोय असा. सलीमभाऊंच्या घरून भाभी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी राक्षस ऐकला आणि म्हणाल्या, "हां, घरी असेच बोलतात!"

* * *

लालसूला या मशीनचं भारी कौतुक. दोन बोळे कानात घालून, म्हणजे हेडफोन लावून, तो तासन्‌तास बसायचा. त्याचा ढोल आम्ही बटणांवर घेतला, त्याने बोटांनी वाजवला आणि मशीनने तो ध्यानात ठेवला.

त्यात एक करामत होती. वाजवताना बोट जरा मागेपुढे झालं तर मशीन प्रत्येक ठोका ओढून बरोबर ओळीत बसवायचं. मी नुकताच ते शिकलो होतो. म्हटलं, दाखवू याला. सगळे ठोके सरळ केले आणि लालसूला ऐकवलं.

तो मान हलवायचा थांबला. "मास्तर, हा ढोल कोन वाजोते?"

"अरे तूच!"

"मी नाई. हा पोलिस हाय!"

खरंच, गडचिरोलीच्या पोलिस ग्राउंडवर सकाळी परेड चालते, हुबेहूब तसं वाजत होतं. लालसू उठला आणि त्याने दुकानभर डावा-उजवा करत चालून दाखवलं. मी ती करामत बंद करून टाकली, ती पुन्हा कधी चालू केली नाही.

* * *

मग चाचांचं रेकॉर्डिंग. ते त्यांच्याच घरी करायचं ठरलं, कारण सलीमभाऊंच्या दुकानासमोर एसटी वळायची आणि प्रत्येक सुरात हॉर्न येत होता.

मशीनच्या पोटात आवाज मावायचा अगदी थोडा. एक ओळ घेतली की थांबायचं, ती ठेवायची, मग दुसरी. चाचांना थांबायची सवय कुठली! डोळे मिटून त्यांचं चालूच.

"चाचा, बस! मशीनचं पोट भरलं."

"माह्यं कुठी भरलं?"

त्यात दर ओळीआधी खोकला. आणि खोकला झाला की आतून शबाना पाण्याचा ग्लास घेऊन हजर. हाक मारावी लागत नव्हती. लहानपणापासून तिचं हेच काम. "अब्बा, पानी!" म्हणायची, ग्लास द्यायची, चाचा दोन घोट घ्यायचे आणि मग सूर निघायचा. त्या दिवशी बिचारी किती वेळा आतबाहेर झाली असेल. शेवटी मी म्हटलं, "बेटा, घागरच आणून ठेव इथं." तर म्हणते, "नाही अंकल. मैं लाई तोच पीते वो!"

पाठवणीची ती धून ओळीओळीने पूर्ण झाली. सिक्वेन्सरने ती सलग वाजवून दाखवली, तेव्हा चाचा आपलंच क्लॅरिनेट मांडीवर ठेवून ऐकत बसले. आपण इतकं सुंदर वाजवतो हे त्यांनाही पहिल्यांदाच कळलं असावं. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले, "खोकला काढता येते का, मास्तर? पोरीच्या शादीत आवाज साफ पाहिजे."

का नाही येणार! आवाजाची सुरुवात पुढे सरकवायला मी आता शिकलोच होतो. एकेका ओळीचा खोकला छाटला. शेवटचा छाटायला निघालो तेव्हा सलीमभाऊंनी हात धरला. "एक राहू दे बे. लकी हाय आपला." म्हणून तो एक खोकला कोपऱ्यातल्या शेवटच्या बटणावर ठेवला.

* * *

मशीनचा एक मोठा दोष म्हणजे लाइट गेली की भरलेलं सगळं साफ. म्हणून फ्लॉपीवर उतरवून ठेवावं लागायचं. चाचांची धून मी फ्लॉपीवर घेतली आणि जपून ठेवायला सलीमभाऊंकडे दिली.

आता सलीमभाऊंचं दुकान लाउडस्पीकरचं. तिथं पेचकस, पाने, खिळे, सगळं जुन्या स्पीकरच्या लोहचुंबकांना चिकटवून ठेवलेलं. हरवत नाही, शोधावं लागत नाही. फ्लॉपीला समोर लोखंडी पत्रा असतोच. सलीमभाऊंनी मोठ्या हौसेने तीही चिकटवली, सगळ्यांत मोठ्या चुंबकाला!

दुसऱ्या दिवशी मी फ्लॉपी मशीनमध्ये घातली. मशीन म्हणालं, यात काहीच नाही.

"असं कसं? चांगली मजबूत चिकटली होती ना!" सलीमभाऊ म्हणाले.

चुंबकाने फ्लॉपी पुसली जाते हे नागपूरहून फोनवर कळलं, तेव्हा ते खुर्चीत मटकन बसले. चाचांना दात काढायला त्याच सकाळी चंद्रपूरला जायचं होतं! लालसू सायकलवर सुटला. एसटी स्टँडवरून सुटत होती, चाचा खिडकीशी. लालसूने बसपुढे सायकल आडवी घातली आणि ओरडला, "चाचा, उतरा! दात पायजेत आपल्याले!"

अख्खी बस आ वासून बघत होती. चाचा उतरले. परत सगळं वाजवलं, हलत्या दातांनी. परत सगळे खोकले छाटले, परत एक ठेवला. या वेळी फ्लॉपी भाभींच्या तांदळाच्या डब्यात गेली.

डॉक्टरने विचारलं म्हणे, "काल का नाही आलात?" चाचा म्हणाले, "काल दातायले ड्यूटी होती."

* * *

त्या ठेवलेल्या खोकल्याने आम्हाला एकदा कामही दिलं. गावात एक सत्कार होता. पाहुणे बोलायला उभे राहिले ते बसेचनात. लोक चुळबुळ करत होते, मुलं रडत होती, स्वयंपाकी पातेल्यांवर झाकणं ठेवून कंटाळले होते. सलीमभाऊ मशीनवर कोपर टेकवून पेंगत होते. कोपर घसरलं ते थेट शेवटच्या बटणावर.

चारही भोंग्यांतून चाचांचा खोकला दणाणला!

पाहुणे दचकले. "हो हो, आवरतोच," म्हणाले आणि खरोखर आवरलं. मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी तोवर पदर डोळ्याला लावला होता. त्यानंतर जो येईल तो सलीमभाऊंना बाजूला घेऊन विचारायचा, "ते खोकल्यावालं मशीन आनतान ना?"

* * *

आणि मग शबानाचं लग्न.

दुपारचं जेवण आटोपलं, ऊन कललं, दारात फुलं लावलेली जीप उभी राहिली. सलीमभाऊंनी लाइटच्या भरवशावर न राहता जनरेटर आणला होता आणि जातीने त्याच्याजवळ उभे होते. चाचा नवीन कुर्ता घालून, तोंडावर रुमाल धरून. दात गेल्यापासून ते लोकांत रुमाल सोडत नव्हते. या एका दिवसासाठी तर सगळी खटपट होती.

शबाना बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली. चाचांनी मला मान हलवून खूण केली. मी बटण दाबलं.

धून सुरू झाली. साफ, गोड, एक सूर इकडचा तिकडे नाही. आणि कोणी रडेना!

बायका पदर हातात घेऊन उभ्या होत्या. एकमेकींकडे बघत होत्या. एक काकू दुसरीला विचारते, "रेडिओ लागला का वं?" शबाना मैत्रिणींशी काहीतरी बोलत होती. तिनेही वळून बघितलं नाही. तिला वाटलं, कॅसेट लावली आहे, वेळ आहे अजून. चाचा एकदा भोंग्याकडे बघत, एकदा लेकीकडे. रुमालावरचे त्यांचे डोळे मला बघवेनात.

लालसू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, हे ते नाई. खोकला कुठी हाय?"

मी धून थांबवली. एकदम शांतता झाली. लोक बघायला लागले, काय बिघडलं म्हणून. बोलत बोलत शबाना जीपपाशी पोचली होती, एक पाय पायरीवर होता. मी शेवटचं बटण दाबलं.

चाचांचा खोकला साऱ्या मांडवावर घुमला.

शबाना गर्रकन वळली. "अब्बा, पानी!" म्हणाली आणि नवरीच्या शालूत, मेंदीच्या हातांनी, घोळका बाजूला सारत धावत आत गेली. मागे नवरदेव जीपमध्ये एकटाच. ती ग्लास घेऊन बाहेर आली, चाचांसमोर उभी राहिली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं. चाचा खोकलेच नव्हते. रुमाल धरून गपचूप उभे होते.

आजूबाजूच्या बायकांचे पदर केव्हाच डोळ्यांना लागले होते. जनरेटरजवळ सलीमभाऊ मोठ्याने रडत होते. मी धून पुन्हा सुरू केली.

चाचांनी रुमाल खाली घेतला, ग्लास हातात घेतला आणि नेहमीसारखे दोन घोट घेऊन ते थांबले नाहीत. लेकीकडे बघत सगळं पाणी पिऊन टाकलं.