कानाला तीन भोकं असलेली उंदरी

हे वाचून हसणाऱ्यांत एरवी मीच पहिला असतो. या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो ते निव्वळ टिंगल करायला. घरात माझ्यासमोर कुणी मुलांची दृष्टसुद्धा काढत नाही, इतका मी खडूस. तेव्हा आता माझी टिंगल झाली तर तक्रार नाही…

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत प्रयोगाचे उंदीर सांभाळतो. त्यांच्या किडनीत जन्मतःच खोट असते – रक्तातलं आम्ल लघवीवाटे बाहेर पडत नाही, साठत जातं. असा उंदीर वाढत नाही, सारखा पाणी पितो, पाय ओढत चालतो. निम्म्यांना आम्ही साधं पाणी देतो, निम्म्यांना खाण्याच्या सोड्याचं. सोडेवाले तरतरीत राहतात. नंबर म्हणून प्रत्येकाच्या कानाला बारीक भोकं पाडलेली असतात. नातेवाईक मला उंदीरमामा म्हणतात, म्हणू देत.

मागच्या उन्हाळ्यात चार दिवसांची रजा काढून धाराशिवजवळच्या तेर गावी धाकट्या बहिणीकडे, सुरेखाकडे गेलो होतो. तिची ओवी चार वर्षांची, पण अंगानं दोनची वाटायची. मुडदूस म्हणून वर्षभर औषधं चालू होती, गुण शून्य. त्या आठवड्यात तर ती उठून बसतही नव्हती. सुरेखाचं जेवण सुटलं होतं.

शेवटच्या दिवशी, दुपारी दोनचा सुमार. सुरेखा बाहेर धुणं वाळत घालत होती, मी ओवीजवळ पेपर वाचत होतो. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "मामा, पांढरी उंदरी आलीय. तिच्या ह्या कानाला दोन भोकं हायत, ह्या कानाला एक."

भिंतीजवळ काहीही नव्हतं. कानांच्या भोकांबद्दल मी घरी कधी बोललो नव्हतो, आणि फोटो काढायला तर आत बंदीच आहे. पण तो नंबर माझ्या ओळखीचा होता…

"ती खारट पाणी पिती," ओवी म्हणाली. "म्हणून पळती."

खरं सांगतो, इथं मला हायसं वाटलं. कारण त्या नंबरची मादी साध्या पाण्यावर होती. मी निघालो तेव्हा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडून होती. म्हणजे पोरगी उगाच बडबडतेय! तरी चैन पडेना, म्हणून माझ्या जागी काम करणाऱ्या वैशालीला फोन लावला आणि बघायला सांगितलं. ती बघून आली ती रडकुंडीलाच. म्हणाली, "सर, तुम्ही गेल्यापासून माझ्याकडून बाटल्यांची अदलाबदल झालीय. आत्ता लक्षात आलं. हिला सोड्याचंच पाणी जातंय… चांगली पळतेय."

जे मला ठाऊक नव्हतं, वैशालीलाही ठाऊक नव्हतं, ते या पोरीला कुणी सांगितलं? आणि त्याच क्षणी मला ओवी दिसली – अंथरूण धरण्याआधीचं तिचं पाय ओढत चालणं, तिचं सारखं पाणी मागणं. बारा वर्षं मी हेच रोज बघून वहीत लिहितोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तासाभरात आम्ही तिला घेऊन धाराशिवला निघालो. डॉक्टरांना हात जोडून रक्तातलं आम्ल तपासायला लावलं. तेच निघालं. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर पोर हाती लागली नसती, असं ते म्हणाले. सोड्याच्या गोळ्या आणि पोटॅशियमचं औषध सुरू झालं. आता ओवी अंगणवाडीत पळत जाते.

दिवाळीत तिला जवळ घेऊन विचारलं, ती उंदरी तुझ्याकडं कशाला आली होती गं? सुरेखा समोरच बसली होती.

चकली खाता खाता ओवी म्हणाली, "सांगायला आल्ती. म्हणली, तुझा मामा मला रोज बघतो, तुला बघतच न्हाय."

ती उंदरी तिथं कशी आली, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. तिचं म्हणणं मात्र खरं होतं.