गेणबाचे चार मुक्काम

तळेगाव ढमढेऱ्याचा गेणबा कुणाच्या अध्यात ना मध्यात. मेंढरं होती तोवर मेंढरांमागं चालला, मेंढरं गेल्यावर उसाला पाणी देत बसला. अशा माणसाच्या नावाला एकतीस वर्षं चोरीचा डाग चिकटून होता, आणि तो चिकटवला होता बायकोच्या सख्ख्या भावानं, खंडूनं.

झालं होतं असं. बहात्तरच्या दुष्काळात गेणबानं या धाकट्या मेव्हण्याला सांगितलं, "पठाराच्या अंगाला चल. कातळात एक डोह हाय, मी बघितलाय." खंडू हसला आणि आपली मेंढरं घेऊन भीमेकडं गेला. तिथं त्याची एकूण एक मेली. पावसाळा लागल्यावर गेणबा मात्र साठच्या साठ मेंढरं घेऊन परतला. मग खंडूनं बोलायला सुरुवात केली. चिमणीची चोच ओली व्हायला पाणी नव्हतं त्या साली, साठ मेंढरं जगली कशी? दाजींची मेली असणार, ही कुणाची तरी हाकून आणलीत. लोकांना काय, तोंडी लावायला एवढं पुरतं. गेणबा डोहाचं सांगायचा आणि जितकं सांगायचा तितकी थट्टा वाढायची. त्या वाटेला पुन्हा जायचं कामच कधी पडलं नाही.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात दौंडकडं एका हळदीला खंडूनं पाव्हण्यांसमोर तीच कथा पुन्हा रंगवली. गेणबाचा मुलगा बिरदेव तिथंच पंगतीत बसला होता. तो शिक्रापूर-तळेगाव सवारीची जीप चालवायचा, दिवसभर बडबड करणारा गडी. त्या दिवशी दौंडपासून घरापर्यंत त्यानं जीप नुसती हाणली. घरी आल्यावर म्हणाला, "आबा, एकदा काय ते खरं सांगा."

खंडूचं बोलणं गेणबानं एकतीस वर्षं पचवलं होतं, पण पोराचं हे वाक्य जिव्हारी लागलं. ताटावरून तसाच उठला आणि म्हणाला, "रविवारी जीप काढ. खंडूलाबी घे."

रविवारी पुढं बिरदेव आणि गेणबा, मागं गेणबाची बायको कुशाबाई, सून धनश्री, नात अंकिता आणि कोपऱ्यात खंडू. धनश्रीनं भाकरी, ठेचा आणि पाण्याचा मोठा कॅन घेतला होता. अंकिताच्या लेखी ही सहल होती, आणि सहलीसारखीच तिनं ती वसूल केली. शिरूरला रसवंती. घोडनदी ओलांडल्यावर एका ढाब्यापुढं सिमेंटचा जिराफ उभा होता, त्याच्यापाशी फोटो. कुशाबाई जिराफाकडं बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "उंटाची मान कुणी वढली रं ही?" मग निघोजचे रांजणखळगे. नदीनं कातळ पोखरून केलेले ते खोल हौद पाहून अंकिता झुलत्या पुलावरून हलायला तयार होईना.

"ह्येच का तुमचं पाणी?" खंडू म्हणाला. "ह्ये तर साऱ्या मुलखाला म्हाईत हाय."

"ह्ये न्हाई," गेणबा म्हणाला. "हितं त्या साली चार गावची गुरं व्हती. आपल्या मेंढरांना कोण पिऊ देतंय?"

"मग कुठं?"

"घोडनदीपास्नं चार मुक्काम."

बिरदेवनं मनातल्या मनात हिशेब केला. माणूस दिवसाला पंचवीस किलोमीटर चालतो, म्हणजे चार मुक्काम शंभर. त्यानं गाडी दामटली. पठारावर गवताची काडी नव्हती. नुसता काळा कातळ, धोंड्यांचे ढीग, मधूनच एखादी बाभळ आणि तापलेलं आभाळ. गेणबा डोळ्यांत तेल घालून बघत होता, पण जीप कसली थांबतीय. एखादा डोंगर ओळखीचा वाटेपर्यंत मागं पडायचा.

घोडनदीपासून शंभर किलोमीटर झाले तेव्हा समोर पेट्रोल पंप होता. खंडू खदाखदा हसला. अंकितानं विचारलं, "आबा, विसरलात का?" धनश्रीनं तिला चिमटा काढला.  आयुष्यात पहिल्यांदाच गेणबाला स्वतःची शंका आली आणि त्या शंकेनं तो पार घाबरून गेला.

कुशाबाई मागून म्हणाली, "बिरू, किती हाणलीस रं गाडी?"

"शंभर. चार मुक्काम."

"आरं येड्या, मेंढराचा मुक्काम दोन कोस. ते चरत जातं, पळत न्हाई." मग ती भावाकडं वळली. "आन् तू? मेंढरामागं जल्मलास, तुला मुक्काम कळत न्हाई? सकाळधरनं गप बसून मजा बघतुयास?"

खंडू बाहेर बघू लागला.

म्हणजे सगळे मिळून आठ कोस, पंचवीसेक किलोमीटर. जीप उलटी फिरली. निघोजला येऊन पुन्हा पठाराकडं वळली आणि थोड्या अंतरावर गेणबा म्हणाला, "थांबव. म्या चालतू. तुमी मागनं या."

त्यानं खांद्यावर काठी टाकली आणि गाडीवाटेनं निघाला. पहिल्या गियरमध्ये जीप त्याच्यामागं, मेंढराच्या चालीनं. दुधाच्या गाडीवाल्यानं थांबून विचारलं, "काय बिघाड झालाय का?" बिरदेव म्हणाला, "न्हाई, आबा वाट दाखवत्यात." म्हणताना त्याचा आवाज जरा चढलाच होता. गेणबा आता इकडंतिकडं बघतसुद्धा नव्हता. उजवीकडचा डोंगर खांद्याच्या रेषेत आला तशी त्यानं वाट सोडली आणि धोंड्यांतून खाली उतरला. जीप अडली. सगळे उतरून त्याच्यामागं धावले. सहासष्ट वर्षांचा म्हातारा कुणाला सापडेना.

सापडला तेव्हा तो ओढ्याच्या कोरड्या पात्रात, झुकलेल्या कातळाखाली उभा होता. पायापाशी खोलीएवढा डोह, आणि त्यात हिरवंगार पाणी. मे महिना, यंदाही दुष्काळाचं साल आणि तरी पाणी. अंकितानं चपला भिरकावल्या. कुशाबाई मटकन बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

खंडू डोहाकडं गेलाच नाही. तो जरा पलीकडं थांबला होता. तिथं सपाट दगड उभे करून, सांधे मातीनं लिंपून, गुडघ्याच्या खालपर्यंत उंचीची लांब पन्हळ बांधलेली होती. माती बरीचशी वाहून गेली होती, दगड जागच्या जागी होते. धनश्रीला त्यात काही कळलं नसतं. खंडूनं मात्र वाकून दोन्ही अंगांनी हात फिरवला. मेंढरांनी डोह नासू नये म्हणून ही सोय. एका वेळी दहा मेंढरं या बाजूला, दहा त्या बाजूला. वरून दाजींनी बादलीनं ओतत राहायचं. साठ मेंढरांना तीन फेऱ्या. सकाळ-संध्याकाळ, रोज, एकट्यानं.

तो तिथंच दगडावर टेकला. गेणबानं ओंजळीत पाणी आणून त्याच्यापुढं धरलं. खंडू प्याला, तोंड पुसलं आणि खाली बघत पुटपुटला, "मेंढरं तुमचीच व्हती, दाजी. मी तवा तुमच्यासंगं आलो आसतो तर माझीबी जगली आसती."

गेणबानं डोहाकडं पाहिलं. बिरदेव गुडघाभर पाण्यात पाठमोरा उभा होता.

"मोठ्यानं बोल," गेणबा म्हणाला. "बिरूला ऐकू जाऊ दे."

खंडूनं घसा खाकरला, आणि माळावर लांब गेलेल्या मेंढरांना हाळी द्यावी तेवढ्या आवाजात पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.