बुचाची फरशी

"रुमॅटॉइड आर्थरायटिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. सांधे सुजतात, सकाळी बोटं मिटत नाहीत. माझा काही विश्वास बसला नाही.

ईएसआर केला. अंगात सूज किती, ते या रक्ततपासणीत कळतं. आकडा वाढलेला आला, तेव्हा मला वाटलं, रक्त दुसऱ्या कुणाचं असणार. पुन्हा रक्त दिलं. आकडा तसाच.

"गोळ्या सुरू करा. थंड फरशीवर अनवाणी उभ्या राहू नका. घरात चपला घाला."

स्वयंपाकघरात चपला? आमचे देव तिथेच. मी साफ नाही म्हटलं. पण सकाळी ओट्यापर्यंत भिंत धरून जावं लागे. उद्या ओटाही सुटला, तर या घरात मी कशाला उरणार? मला फार भीती वाटायची.

माझा दीर विनू बोटीवर नोकरीला. सुट्टीवर आला तो बुचाच्या फरश्या घेऊन. "वैनी, झाडाची साल आहे गो. गार पडत नाही."

बाटलीचं बूच जमिनीला? बोटीवरचा टाकाऊ माल असणार. आणि माझ्या स्वयंपाकघराचा याला एवढा पुळका का? घराच्या वाटण्या अजून व्हायच्या होत्या.

तीन दिवस गुडघ्यांवर बसून त्याने फरश्या चिकटवल्या. तळव्यांना बरं वाटलं. मी कुणाला बोलले नाही.

"फक्त ओल्या फडक्याने पूस हां," त्याने बजावलं होतं. बाटलीतलं बूच कधी पाण्याला भितं? मग हे का भितंय? गणपतीआधी घर धुवायचंच होतं. मोलकरणीकडून दोन बादल्या ओतवल्या आणि पाणी दुपारपर्यंत तसंच ठेवलं.

फरश्यांच्या कडा फुगून वर आल्या. "बघ तुझा माल!" मी म्हटलं.

विनूने फरशी पाहिली, बादली पाहिली. "वैनी, घालवलंस ना," एवढंच म्हणाला. स्वतःच्या खोलीसाठी ठेवलेला फरश्यांचा खोका त्याने फोडला आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या दुखण्यातल्या माझ्या बायांनो, फरशीने आजार बरा होत नाही. गोळ्या चालूच आहेत. पण ओटा माझ्याकडे राहिला. डॉक्टरांना हवं तेवढं खोदून विचारा, रक्त दोनदा तपासा. आपल्यासाठी गुडघे टेकणाऱ्या माणसाची मात्र परीक्षा घेऊ नका. मी घेतली, आणि नापास मी झाले.