शंभर समाधानी ग्राहक

एमबीए फायनान्सला मी बँकिंग घेतलं तेव्हा वाटलं होतं, निदान बँक तरी आतून बघायला मिळेल. कसलं काय! दोन वर्षं वाघोलीच्या कॉलेजात नुसत्या स्लाइड्स बघितल्या. शेवटी प्रोजेक्ट आलं: एका शाखेतल्या शंभर ग्राहकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि त्यांचं समाधान मोजायचं. त्यावर मॅनेजरचा सही-शिक्का हवा. तो नसेल तर सोमवारच्या तोंडी परीक्षेला बसू देणार नव्हते, म्हणजे सहा महिने पाण्यात.

शंभर ग्राहक कोण शोधत बसणार? होस्टेलच्या खोलीत मैत्रिणींना घेऊन, चार रंगांच्या पेनांनी, शंभरच्या शंभर फॉर्म आम्हीच भरले. सगळेच असं करतात. माझे ग्राहक तर फारच समाधानी होते.

मग दोन बस बदलून वारज्याच्या शाखेत. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा साहेब होते, पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवरच्या बाईंकडे.

"अहो, मग आज शिक्का मिळणारच नाही का?"

"मिळतो की. किल्ली असली की मिळतो," काउंटरवरचे काका म्हणाले. डोकंच फिरलं माझं.

तिसऱ्या खेपेला, शुक्रवारी, बाकावर ताटकळत बसले होते. शेजारच्या आजींनी पैसे काढायची स्लिप पुढे केली. "एवढी भरून दे गं, चष्मा विसरले."

मी जन्मात स्लिप भरली नव्हती; माझं सगळं मोबाइलवर. तरी ऐटीत भरून दिली. आजी अर्धा तास रांगेत उभ्या राहिल्या आणि तशाच परत आल्या. स्लिपच्या मागेही सही लागते, हे मला माहीतच नव्हतं. बिचाऱ्या सही करून पुन्हा रांगेत गेल्या.

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. फॉर्म चाळले. "शंभरात एकही नाराज नाही? या शाखेत मीसुद्धा नाराज आहे."

त्यांनी गठ्ठा माझ्याकडे परत सरकवला.

"उद्या शनिवार, पण बँक चालू आहे. वीस खरे फॉर्म आणा, शिक्का मारतो. किल्ली आहे माझ्याकडे."

असा संताप आला! त्यांचा, कॉलेजचा, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. कोरा फॉर्म घेऊन बाहेर आले. आजी पासबुक पिशवीत घालत होत्या.

"आजी, बँकेत मिळालेल्या मदतीबद्दल समाधानी आहात का?"

"मदत तूच केलीस ना?"

"हो."

"मग 'नाही' लिही."

मी मुकाट्यानं लिहिलं. अजून एकोणीस राहिले होते.